इमामांची वाचा गेली तेव्हा

रमजान सुरू झाला की मशिदीतल्या बयानांत एक नाव हमखास कानावर येते, ते म्हणजे इमाम गझाली. रोजा म्हणजे केवळ पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत उपाशी राहणे नव्हे, हे समजावताना त्यांनी सांगितलेल्या रोज्याच्या तीन पायऱ्यांचा आधार घेतला जातो. पहिली पायरी पोटाची. दुसरी डोळे, कान, जीभ, हात आणि पाय यांची, म्हणजे वाईट पाहायचे नाही, ऐकायचे नाही, बोलायचे नाही, करायचे नाही. तिसरी पायरी मनाची, आणि तीच सर्वांत अवघड.

मनाविषयी इतक्या बारकाईने लिहिणाऱ्या या विद्वानाचे स्वतःचे मन ऐन उमेदीत कोलमडले होते. वयाच्या सदतिशीच्या आसपास त्यांची वाचा बसली, घास घशाखाली उतरेना, शिकवणे बंद पडले. ही गोष्ट कोणा विरोधकाने उठवलेली नाही. पुढे त्यांनी स्वतःच ती लिहून ठेवली. मनाचा आजार म्हणजे इमान कच्चे असल्याची खूण, असे समजून घरातल्या माणसाला चार भिंतींत लपवून ठेवणाऱ्यांनी गझालींचे आयुष्य जरूर जाणून घ्यावे. आणि अशी घरे एकाच मोहल्ल्यात किंवा एकाच धर्मात असतात, असे नाही.

तूसचा पोरका मुलगा

अबू हामिद मुहम्मद गझाली यांचा जन्म इ.स. १०५८ च्या सुमारास खुरासान प्रांतातल्या तूस या गावी झाला. आजच्या इराणमधल्या मशहद शहराजवळ हे ठिकाण येते. फारसी महाकवी फिरदौसी हेही याच तूसचे. गझालींचे वडील लोकर कातून विकत, असे सांगितले जाते. स्वतः शिकलेले नव्हते, पण विद्वानांच्या बैठकीत जाऊन बसण्याची त्यांना आवड होती. मरण जवळ आल्यावर त्यांनी मुहम्मद आणि अहमद या दोन मुलांना एका सुफी मित्राच्या हवाली केले. गाठीला असलेली थोडी रक्कमही त्याच्याकडे दिली आणि मुलांना शिकवायची विनंती केली.

ती पुंजी लवकरच संपली. मित्र स्वतः फकीर माणूस. त्याने दोघांना मदरशात नाव घालायला सांगितले, कारण तिथे विद्यार्थ्यांना जेवण मिळत असे. पुढे गझाली आठवण काढत की, आपण विद्येकडे वळलो ते पोटासाठी, मग विद्येनेच आपल्याला अल्लाहकडे वळवले.

लहानपणची आणखी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. जुरजान येथे शिकून परतताना वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला. गझालींनी टोळीच्या म्होरक्यामागे जाऊन फक्त आपल्या टिपणांच्या वह्या परत मागितल्या. वह्या गेल्या तर जी विद्या जाते ती कसली विद्या, असे म्हणून म्होरक्या हसला आणि वह्या देऊन टाकल्या. गझालींनी ते बोलणे मनाला लावून घेतले आणि पुढची तीन वर्षे सगळी टिपणे पाठ करण्यात घालवली. बुद्धी आणि स्मरणशक्ती यांच्या बळावर उभे राहायचे, हा त्यांचा निश्चय तेव्हापासूनचा.

बगदादची गादी

नंतर निशापूरला इमामुल हरमैन जुवैनी यांच्यासारखा मोठा गुरू लाभला. १०८५ मध्ये जुवैनी वारले. त्यानंतर सल्जूक साम्राज्याचे वजीर निजामुल मुल्क यांच्या छावणीत गझालींचा प्रवेश झाला. तिथे विद्वानांचे वादविवाद चालत आणि गझाली त्यांत भारी पडत. १०९१ मध्ये निजामुल मुल्क यांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक नेमले. तेव्हा ते तेहतिशीच्या आसपास होते. त्यांच्या दर्सला तीनशे विद्यार्थी बसत. खलिफाच्या दरबारात मान होता, उंची पोशाख होते, शब्दाला वजन होते. निशापूरचे विद्वान अब्दुल गाफिर फारसी त्यांना ओळखत. त्या काळातल्या गझालींच्या वागण्यात ताठा होता आणि इतरांना ते कमी लेखत, असे त्यांनी नोंदवले आहे.

बाहेरून सगळे झळझळीत असले, तरी आत खळबळ आधीपासूनच होती. खात्रीचे ज्ञान कोणते, या प्रश्नाने गझालींना एका टप्प्यावर असे घेरले की डोळ्यांना दिसते त्यावर आणि बुद्धीला पटते त्यावरही विश्वास उरला नाही. ही अवस्था जवळजवळ दोन महिने टिकली. विशेष म्हणजे या काळात ते वरवर नेहमीसारखेच बोलत-वागत होते, आतला गोंधळ त्यांनी कुणाला कळू दिला नाही. त्यातून ते बाहेर आले ते युक्तिवादाने नव्हे. अल्लाहने अंतःकरणात टाकलेल्या प्रकाशामुळे आपण सावरलो, असे त्यांनी लिहिले आहे.

भोवतालचे जगही स्थिर नव्हते. १०९२ च्या रमजानमध्ये, इफ्तारनंतर आपल्या तंबूकडे जात असताना, निजामुल मुल्क यांची हत्या झाली. मारेकरी सुफीच्या वेशात आला होता. सुमारे महिनाभराने सुलतान मलिकशाहही मरण पावला आणि तख्तासाठी भाऊबंदकी सुरू झाली. १०९४ मध्ये खलिफा वारला. ज्यांच्या आधाराने गझाली उभे होते, ती माणसे दीड वर्षाच्या आत एकामागून एक गेली. याच धामधुमीत त्यांनी तत्त्वज्ञांच्या मतांचे खंडन करणारा ‘तहाफुतुल फलासिफा’ हा गाजलेला ग्रंथ पुरा केला. लोकांना दिसत होते ते हे ग्रंथ आणि ही कीर्ती.

सहा महिने

हिजरी ४८८ च्या रजब महिन्यात, म्हणजे १०९५ च्या जुलैमध्ये, आतले बाहेर आले. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी की नावलौकिकासाठी, हा प्रश्न गझालींना छळू लागला होता. बगदाद सोडायचे असे एक दिवस ठरे, दुसऱ्या दिवशी तो बेत मोडे. सकाळी मन तयार होई, संध्याकाळपर्यंत शंकांचा ढीग जमे. ही ओढाताण जवळजवळ सहा महिने चालली. रजबनंतर शाबान आणि शाबाननंतर रमजान येतो. त्या वर्षीचा रमजान त्यांनी या आजारातच काढला.

मग जीभच बंद झाली. विद्यार्थी वाट पाहत बसलेले असत. त्यांचे मन राखण्यासाठी तरी एक दिवस शिकवावे म्हणून ते प्रयत्न करत, पण तोंडातून शब्द फुटत नसे. मनावर दुःखाचा भार आला. भूक गेली, पचन बिघडले. पाण्याचा घोट आणि अन्नाचा घासही जड झाला. अंगातले बळ ओसरले. आजच्या वैद्यकातले एखादे नाव नऊशे वर्षांमागच्या आजाराला चिकटवणे बरोबर होणार नाही. पण ही लक्षणे ज्यांनी घरात पाहिली आहेत, त्यांना ती ओळखीची वाटतील.

बगदादचे हकीम आले. त्यांनी तपासले आणि औषधाने गुण येण्याची आशा सोडून दिली. त्यांचे निदान असे की, हा आजार मनातून सुरू होऊन शरीरात उतरला आहे आणि मनावरचे ओझे हलके झाल्याशिवाय उपाय लागू पडणार नाही. हे निदान नीट पाहण्यासारखे आहे. समोर त्या काळचा सर्वांत मोठा धर्मपंडित पडलेला असताना हकिमांनी त्यांची इबादत मोजली नाही की त्यांच्या इमानावर बोट ठेवले नाही. दुखणे मनाचे आहे आणि ते खरे दुखणे आहे, एवढेच सांगितले.

असे निदान करण्यामागे परंपरा होती. गझालींच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी, इ.स. ९३४ मध्ये, बल्ख प्रांतातले अबू जैद बल्खी हे विद्वान वारले. त्यांनी ‘मसालिहुल अब्दान वल अन्फुस’ हा ग्रंथ लिहिला होता. शरीर आणि मन यांची निगा, असा त्याचा विषय. राग, भीती, दुःख आणि पिच्छा न सोडणारे विचार यांवर त्यात वेगवेगळी प्रकरणे आहेत. कारण माहीत असलेले दुःख आणि कारण सापडत नसलेले दुःख असे दोन प्रकार त्यांनी केले. पहिल्यात समजुतीच्या बोलण्याचा उपयोग होतो, दुसऱ्याचे मूळ शरीरात असू शकते म्हणून शरीरावरही उपचार करावेत, असे त्यांचे मत होते. जसे घरात औषधे जपून ठेवतो, तसे मन ठीक असताना चांगले विचार साठवून ठेवावेत आणि वाईट वेळी कामाला आणावेत, हा त्यांचा सल्ला आजही उपयोगी आहे. बगदादमध्ये तर दहाव्या शतकापासून मोठे दवाखाने चालत होते.

लोक काय म्हणाले

हकिमांना जे समजले ते गावाला समजले नाही. एवढी मोठी गादी सोडून कोणी जाईल हे बगदादच्या उलेमांना पटेना. त्यांनी गझालींना दोष दिला. धर्माच्या कामात याहून मोठे पद कुठले, असा त्यांचा सवाल होता. दूरच्या लोकांनी तर्क केला की राज्यकर्त्यांशी बिनसले असावे. जे दरबार जवळून पाहत होते त्यांना माहीत होते की राज्यकर्ते उलट त्यांना थांबवत होते. अशा लोकांनी मग दुसरे कारण शोधले. इस्लामला आणि उलेमांना कुणाची तरी नजर लागली, असे ते म्हणू लागले. माणूस मनाने आजारी असू शकतो, एवढी साधी गोष्ट सोडून बाकी सगळे बोलून झाले. दृष्ट काढणारी, गंडा-दोरा बांधणारी आणि कोणी काय केले याची चर्चा करणारी माणसे आजही प्रत्येक गल्लीत भेटतात.

गझालींनी लोकांशी वाद घातला नाही. मक्केला जातो असे सांगितले आणि मनात शाम देशाचा, म्हणजे सीरियाचा, बेत ठेवला, कारण खरे सांगितले असते तर जाऊ दिले नसते. जवळची संपत्ती वाटून टाकली, पण मुलाबाळांच्या पोटापुरती व्यवस्था मात्र करून ठेवली. मदरशात त्यांच्या जागी धाकटे भाऊ अहमद शिकवू लागले. वडिलांच्या मृत्यूनंतर ज्याच्या सोबतीने मदरशाचे जेवण जेवले, तोच भाऊ या वेळीही उभा राहिला. १०९५ च्या नोव्हेंबरमध्ये गझालींनी बगदाद सोडले.

दमिश्कला ते दोनेक वर्षे राहिले, असे त्यांनी लिहिले आहे. तिथल्या उमय्या मशिदीच्या मिनारावर जाऊन दार आतून लावून घेत आणि दिवस एकांतात काढत. जेरुसलेमलाही त्यांचा तोच क्रम होता. हेब्रॉनला हजरत इब्राहिम यांच्या कबरीपाशी त्यांनी निश्चय केला की, यापुढे सुलतानांच्या दरबारी जायचे नाही, त्यांचे पैसे घ्यायचे नाहीत आणि वादविवादांच्या आखाड्यात उतरायचे नाही. ज्या तीन गोष्टींनी त्यांना वर नेले होते आणि आतून पोखरलेही होते, त्या तिन्ही सुटल्या. मग हज झाला.

एकांतातून एकदम सगळे बरे झाले, असे मात्र घडले नाही. मुलांच्या हाका आणि घरची काळजी त्यांना गावाकडे ओढून घेऊन आली. घरी आल्यावरही संसाराच्या अडचणी मनाची शांतता मोडत आणि ती अधूनमधूनच लाभे, हे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. अशी सुमारे दहा वर्षे गेली. बरे होण्याचा रस्ता लांब असतो आणि त्यात चढउतार असतात. चार आठवड्यांत उतार पडला नाही म्हणून औषध सोडणाऱ्यांनी आणि महिनाभरात धीर सोडणाऱ्या नातेवाइकांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

दवा आणि दुआ

याच काळात त्यांचा ‘इह्याउल उलूम’ हा ग्रंथराज आकाराला आला. त्यात चाळीस भाग आहेत. इबादतींपासून जेवणाखाण्याच्या रीतीपर्यंत सगळे आहे, आणि राग, मत्सर, गर्व, लोभ यांची तपासणी एखाद्या हकिमाने नाडी पाहावी तशी केली आहे. भारतातही पिढ्यानपिढ्या तो वाचला जातो.

त्यातल्या तीन गोष्टी या विषयाला थेट भिडतात. पहिली तवक्कुलविषयी, म्हणजे अल्लाहवर भरवसा ठेवण्याविषयी. भरवसा आहे म्हणून औषध नको, असे म्हणणाऱ्यांना गझालींनी चुकीचे ठरवले. तहान लागली की पाणी पिणे जसे भरवशाच्या आड येत नाही, तसेच जाणत्या हकिमाने दिलेले औषध घेणेही येत नाही. मंत्रून घेण्याला त्यांनी उपायांच्या यादीत औषधाच्याही खालची जागा दिली.

दुसरी गोष्ट समाजाच्या कर्तव्याविषयी. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी फर्जे किफायात धरले. फर्जे किफाया म्हणजे वस्तीतल्या काहींनी पार पाडले तर सर्वांची जबाबदारी फिटते आणि कोणीच केले नाही तर सारी वस्ती दोषी ठरते, असे कर्तव्य. फिकह शिकायला झुंबड आहे, पण कित्येक गावांत एकही मुस्लिम हकीम नाही, सगळे हकीम बिगरमुस्लिम आहेत, अशी खंत त्यांनी व्यक्त केली. त्या काळी मुसलमान रुग्ण ख्रिस्ती आणि यहुदी हकिमांकडे जात, यात त्यांना वावगे वाटले नाही; आपल्या समाजाने आपला वाटा उचलला नाही, हे खटकले.

तिसरी गोष्ट स्वतःच्या मनाचे दोष ओळखण्याविषयी. त्यासाठी त्यांनी चार वाटा सांगितल्या आहेत: जाणता गुरू, खरे बोलणारा मित्र, शत्रूची टीका आणि लोकांत मिसळणे. चारही वाटांना दुसरा माणूस लागतो. ज्याने मिनाराचे दार बंद करून घेतले होते, त्याने लिहिलेले हे आहे.

सांगून टाकणे

१०९५ ला सुटलेले अध्यापन ११०६ मध्ये पुन्हा सुरू झाले. निजामुल मुल्क यांचा मुलगा फख्रुल मुल्क वजीर होता. त्याने आग्रह केला आणि गझाली निशापूरच्या निजामियात शिकवू लागले. तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. अब्दुल गाफिर फारसी त्यांना पुन्हा भेटले. हा नम्रपणा वरवरचा असेल, असे त्यांना आधी वाटले. वारंवार भेटून पारखल्यावर त्यांची खात्री पटली की माणूस खरोखर बदलला आहे.

याच सुमारास गझालींनी ‘अल मुनकिज मिनद्दलाल’ हे छोटे पुस्तक लिहिले. त्यात दोन महिन्यांचा संशय आहे, सहा महिन्यांचा आजार आहे, बंद झालेली जीभ आहे, हकिमांचे निदान आहे आणि लोकांची कुजबुजही आहे. कीर्तीला धक्का लागेल म्हणून त्यांनी काही झाकले नाही. पहिल्या वेळी दोन महिने सगळे लपवणारा माणूस आता सगळे उघड लिहीत होता. आणि त्यामुळे त्यांचा मान कमी झाला नाही. मुस्लिम जगाने त्यांना हुज्जतुल इस्लाम, म्हणजे इस्लामचा पुरावा, म्हटले आणि आजतागायत म्हणते.

अखेरची वर्षे तूसला गेली. घराशेजारी मदरसा होता आणि सुफींसाठी खानकाह होती. ११११ च्या डिसेंबरमध्ये, एका सोमवारी पहाटे त्यांनी वजू करून नमाज पढली, कफन मागवले, ते डोळ्यांना लावले आणि शांतपणे देह ठेवला. ही हकीकत सांगणारा होता तोच धाकटा भाऊ अहमद.

गझालींच्या आजाराला नऊशेहून अधिक वर्षे झाली, तरी त्यातले प्रश्न जुने झालेले नाहीत. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा कुरआननेच दिली आहे, आणि मनाच्या आजारावर गोळ्या घेणाराही आजारीच असतो. सहर आणि इफ्तारच्या वेळांत बसवण्यासाठी गोळ्यांची वेळ परस्पर बदलणे किंवा त्या बंद करणे धोक्याचे आहे. आधी डॉक्टरांना विचारावे. मशिदीच्या इमामसाहेबांकडे कोणी रडत आला, तर त्याच्यासाठी दुआ करावी आणि त्याला मानसोपचाराचा रस्ताही दाखवावा. सरकारच्या ‘टेली मानस’ या सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. मशीद, मंदिर, विहार, चर्च अशा प्रत्येक ठिकाणच्या फलकावर तो लिहिता येईल. घरात कोणी गप्प गप्प झाले असेल, जेवत नसेल, तर त्याची नमाज मोजू नये आणि त्याला नजर कुणाची लागली हे शोधत बसू नये. त्याच्याजवळ बसावे आणि काय होते आहे ते विचारावे.